उपवासाचं सगळं चालतं

६ जानेवारी, सोमवार

आजपासून भात बंद. पोळी बंद. भाकरी बंद. साखर बंदच आहे, चहातली सोडून.

डोळ्याच्या मॅडमकडे जाऊन आलो. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, डाव्यातला पिकायला लागलाय. ऑपरेशन किरकोळ, त्याच दिवशी घरी. पण रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही म्हणाल्या, जखम चिघळली तर डोळाच जाईल. आधी फिजिशियनला दाखवा, बहुतेक इन्सुलिन लागेल, आणि लो कार्ब खायला लागा. मी विचारलं, लो कार्ब म्हणजे नक्की काय. बाहेर पेशंटची गर्दी होती. म्हणाल्या, सोप्या भाषेत सांगते काका, धान्य कमी करा. पोळी, भात, भाकरी, ब्रेड.

एवढंच? उगाच घाबरलो होतो.

फिजिशियनकडे जाणार नाही. इन्सुलिन म्हणजे हार मानल्यासारखं. ललितशेठच्या द्राक्षांच्या धंद्यात मी वीस वर्षं शुगर तपासतोय. बागेत जायचं, मणी तोडायचा, रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकायचा, नळी उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. अठरा आली की माल तोडायला घ्यायचा, नाहीतर शेतकऱ्याला आठ दिवस थांबायला सांगायचं. अख्ख्या निफाड तालुक्याची शुगर मला पाठ आहे. स्वतःची महिन्यात उतरवणं काय अवघड आहे. मॅडमनी १० फेब्रुवारीला बोलावलंय.

रिक्षात बायकोला, राखीला, हे सगळं समजावून सांगितलं. ती बाहेर बघत होती. बाहेर काय होतं कोण जाणे, मला तर नुसतं धुकं दिसत होतं.

७ जानेवारी

वेदिकाने पुण्याहून लो कार्बची यादी पाठवली. राखीकडून वाचून घेतली, माझ्या मोबाइलचा स्क्रीन खराब झालाय.

अंडी. चालतात. पण सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार आपल्या घरात चालत नाहीत. रविवारी मटण असतं, त्या दिवशी अंडं कोण खाणार.
पनीर. लग्नातच बरं लागतं.
पालेभाज्या. कशाशी खायच्या ते लिहिलेलं नाही.
काकडी. खाल्ली. खाऊन झाल्यावर जेवायला कधी बसायचं असं वाटत राहिलं.
मोड आलेली मटकी. चालते. म्हणजे मिसळ चालते.

पोरीला फोन करून सांगितलं, यादी छान आहे.

९ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस नुसती मेथी आणि मटकी. काल बागेत डोळ्यापुढे काजवे चमकले. तरी नेट सोडला नाही.

आज राखीचा गुरुवार. तिने साबुदाण्याची खिचडी केली होती. तिच्या ताटलीकडे बघता बघता मला सुचलं. उपवासाला काय चालत नाही? धान्य. मॅडम काय म्हणाल्या? धान्य कमी करा. म्हणजे लो कार्ब आपल्या लोकांनी केव्हाच शोधून ठेवलंय, फक्त नाव दुसरं आहे. साबुदाणा, भगर, रताळं, बटाटा, राजगिरा, शिंगाडा, खजूर, केळी. मॅडमच्या तोंडून यातलं एकही नाव आलं नाही. मी कान देऊन ऐकलं होतं.

आजपासून मला रोज उपवास. राखीला सांगितलं तर म्हणाली, रोज? तुम्हाला? मागच्या महाशिवरात्रीला दुपारी मला मिसळीच्या दुकानातून उठवून आणलं होतं याची आठवण करून दिली. जुन्या गोष्टी उकरायची तिला सवयच आहे. ती असंही म्हणाली, की अहो, साबुदाणा साखरेला चालतो का एकदा विचारून घ्या. मी म्हणालो, देवाला चालतो.

खिचडी दोन ताटल्या. वर दही. अंगात जीव आला.

१२ जानेवारी, रविवार

राखी बहिणीबरोबर वणीच्या गडावर जाऊन आली. पायऱ्या चढून गेली म्हणे. विचारलं, देवीकडे काय मागितलंस. म्हणाली, मागितलं नाही, बोलून आले. बायकांना कुठेही गेलं तरी बोलायला लागतं.

प्रसादाचे पेढे आणले होते. पेढा दुधाचा असतो. धान्य नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळ धान्यात येत नाहीत. गूळ म्हणजे साखर नव्हे. शिवाय तिळगूळ देणाऱ्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही. सोसायटीत सगळ्यांशी संबंध चांगले राहिले.

कालची भोगीची बाजरीची भाकरी मोजत नाही. ती रीत म्हणून खाल्ली.

२१ जानेवारी, मंगळवार

साखर तपासायचं मशीन आणलं. बागेतून आल्या आल्या बोट टोचलं. आकडा राखीने वाचला, तीनशे अडतीस. मशीन स्वस्तातलं आहे. राखी म्हणाली, हात धुतले का, द्राक्षाचा रस असेल बोटाला. हात धुऊन परत टोचलं. तीनशे बारा.

म्हणजे नुसतं हात धुऊन सव्वीस उतरली. डाएटने किती उतरेल.

द्राक्षांबद्दलही एकदा शांतपणे विचार केला. चव बघण्यात दिवसाला किलोभर तरी पोटात जातात. पण ती ड्युटी आहे. ड्युटीचं खाणं डाएटमध्ये धरत नाहीत. आणि हल्ली चवीवरच काम करावं लागतं, कारण शेठच्या मीटरवरचे आकडे पुसट झालेत. दोनदा सांगितलं, नवीन मीटर घ्या. शेठ म्हणतो नवीनच आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर पॅकहाउसच्या मंडळींबरोबर मिसळ. माझ्या पुढचा पाव सगळ्यांच्या देखत परत पाठवला.  ललितशेठ म्हणाला, सोमनाथभाऊ, मानलं तुम्हाला.

रस्सा फार तिखट निघाला. दोन पाव मागवावे लागले. ते जिभेसाठी.

२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या उपवासांची बातमी बिल्डिंगभर झाली आहे. वरच्या मजल्यावरच्या भागीबाई आल्या, म्हणाल्या, भाऊ, इतकं कडक आजकाल कोणी करत नाही. हातात साबुदाणा वड्यांची ताटली होती, सोबत गोड चटणी. मी म्हणालो, देवाची कृपा. डाएटचं बोललो नाही, त्यांना वाईट वाटलं असतं.

राखीने हल्ली रात्रीचं जेवण सोडलंय. विचारलं तर म्हणते, भूक नसते. माझं बघून तिलाही डाएटची गोडी लागली असणार. पण करताना सवयीने दोघांची भगर करते. तिच्या वाटणीची मी संपवतो. अन्न वाया जाऊ नये.

१० फेब्रुवारी, सोमवार

साखर दोनशे नव्वद.

शिवाय मॅडमनी एक नवीन टेस्ट केली, त्यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं निघतं. काल मी दिवसभर पाण्यावर होतो, तो सगळा उपास फुकट गेला. मी मॅडमना म्हणालो, तीन महिन्यांपूर्वीचं आता कशाला उकरायचं, माणूस सुधारतो. त्या म्हणाल्या, फिजिशियनकडे गेला होता का. मी म्हणालो, जाणारच आहे. हे खोटं नाही, कधी ते मी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनची तारीख गेली. आता १७ मार्च.

राखी रिक्षात एकदम म्हणाली, म्हणजे अजून महिना. मी म्हणालो, तुला कसली घाई आहे, डोळा माझा आहे. ती पदर डोक्यावर घेऊन बसली. ऊन लागत असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निफाडहून सासूबाई आल्या. पोतंभर रताळी, भगर आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा मोठा डबा. म्हणाल्या, जावईबापू, तुमचे उपास चाललेत म्हणून मुद्दाम केले. या बाईने कायम माझी किंमत केली आहे.

मग मला गॅलरीत नेऊन हळूच म्हणाल्या, राखीकडं बघा जरा, लय वाळली हाय पोर. आईला लेक कायम वाळलेलीच दिसते. तरी बघितलं. नेहमीसारखीच धूसर होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जेल पेन बेकार निघालं, उमटतच नाही. मार्कर घेतला. आता एका पानावर चारपाच ओळीच मावतात. वही लवकर संपणार.

राखीने तीन ब्लाउज टेलरकडे टाकलेत. आत घ्यायचेत म्हणे. आता कुठे नटायचं सुचतंय तिला. मला बरं वाटलं. रताळ्याचा कीस, तुपात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज अख्खं नाशिक माझ्या डाएटवर आहे. मला मोठी गंमत वाटली. लोक एक दिवस करतात आणि मिरवतात, आमचं रोजचं आहे. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, खजूर, केळ्याचे वेफर्स, रात्री शिंगाड्याचा शिरा.

मशीनमध्ये सेल नाहीत. आणायला हवेत. सध्या गरज नाही, अंगाला फरक जाणवतोय. पाणी भरपूर पितो, रात्री चारचारदा उठून लघवीला जातो, म्हणजे साखर बाहेर पडतेय.

४ मार्च, मंगळवार

बसने निफाड. सासूबाईंच्या डब्यातले दोन लाडू बसमध्येच खाल्ले, मग पुंजाराम भाऊंच्या बागेत गेलो. शेठने सांगून ठेवलं होतं, या सीझनचा सगळ्यात चांगला प्लॉट आहे, दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायचा नाही. मणी तोंडात टाकला. आंबट. दुसरा आंबट. पलीकडच्या ओळीतला त्याहून आंबट. मी म्हणालो, आठ दिवस थांबा.

पुंजाराम म्हणाले, भाऊ, म्या काल सोता मीटर लावलं, एकोणीस आली. तुम्ही मीटर काहून नाय लावत? मी म्हणालो, मीटर कारखान्यात होतं, ही जीभ बागेत वाढली आहे.

 ते खाली बसून घडांवरची पानं काढत राहिले.

६ मार्च, गुरुवार

पुंजारामांचा माल काल दुसऱ्या व्यापाऱ्याने तोडला. एक नंबर निघाला म्हणे, मणी साखरेसारखे.

शेठने केबिनमध्ये बोलावलं. हातात मीटर दिलं, म्हणाला, वाचा. मी खिडकीशी जाऊन उजेडाकडे धरलं आणि अंदाज घेऊन सतरा सांगितलं.  शेठ म्हणाला, भाऊ, त्याच्यावर रस टाकलाच नाही अजून.

ओरडला असता तर मीही दोन शब्द बोललो असतो. ओरडला नाही. म्हणाला, डोळा करून या, तुमची जागा मी ठेवतो, पण पुढच्या सीझनपर्यंतच. मीटर टेबलावर ठेवून निघालो.

येताना बसचा नंबर कळला नाही. नाशिकरोडला जाऊन उतरलो. घराजवळ सिडकोला परत येईपर्यंत अंधार पडला. राखी बसस्टॉपवर येऊन उभी होती. मला वाईट वाटलं होतं, पण तिला म्हणालो, शेठने सुट्टी दिली, म्हणाला तब्येतीकडे बघा.

आता पूर्ण वेळ डाएट. एका अर्थी बरंच झालं.

१३ मार्च, होळी

पुरणपोळीची पोळी खाल्ली नाही. पुरण काढून खाल्लं. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ, आणि डाळ म्हणजे प्रोटीन, हे वेदिकाच्या यादीत आहे. वरून तूप, तेही यादीत आहे. चार पोळ्यांचं पुरण निघालं.

राखीने नैवेद्य दाखवला आणि रात्री पाणी पिऊन झोपली. होळीला कोणी डाएट करतं का? मी म्हणालो, एक दिवस मोडलं तर काय होतं. म्हणाली, मोडायचं नसतं. ही कधीपासून इतकी कडक झाली? तिच्या पानातल्या दोन पोळ्या होत्या. त्यातलंही पुरण काढलं. नुसत्या पोळ्या उरल्या, त्या दुधात कुस्करून संपवल्या. अन्न वाया जाऊ नये.

१७ मार्च, सोमवार

तीनशे चाळीस. वाढली.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही खाता तरी काय? मी सांगायला सुरुवात केली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, एवढंच झालं आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, काका, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च आहे, पोटात गेला की साखरच. मी म्हणालो, उपवासाला चालतो. त्या म्हणाल्या, साबुदाणा आजपासून बंद, एक दाणासुद्धा नको.

बाकी पदार्थांचं विचारणार होत्या बहुतेक, पण मी साबुदाण्यापर्यंतच पोचलो होतो. तेवढ्यात त्यांनी राखीकडे बघून विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना? राखी म्हणाली, मला काय झालंय. डोळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यापुरतं बघावं.

नवीन तारीख १४ एप्रिलच्या आठवड्यात. शेवटची म्हणाल्या. मोतीबिंदू जास्त पिकला तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मग ऑपरेशन करूनही नजर परत येत नाही. फिजिशियनचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, राखीच्या हातात.

जिन्यात राखी दोनदा बसली. म्हणाली, चप्पल चावतेय.

१८ मार्च

साबुदाणा बंद. कडक. घरातला सगळा साबुदाणा भागीबाईंना देऊन टाकला.

भगर, रताळं, राजगिरा, बटाटा, खजूर. यांचं नाव मॅडमनी घेतलेलं नाही.

फिजिशियनकडे गुढीपाडव्यानंतर जाऊ. मार्चएंडला सगळीकडे गर्दी असते.

२१ मार्च, शुक्रवार

दिवसभर घरी असल्यामुळे एक गोष्ट कळली. राखी दुपारी स्वतःपुरती एकच ज्वारीची भाकरी करते. गरम, पापुद्रा सुटलेला, सोबत लसणाची चटणी. वासानेच माणूस उठून बसतो. कोरभर मागितली. तिने अर्धी मोडून दिली.

ही भाकरी मी धरत नाही. ती माझ्या ताटातली नाही, तिच्या ताटातली आहे.

२५ मार्च, मंगळवार

दुपारी अर्धी भाकरी. आता ती न मागता देते. मला वाटतं तिला तेवढी लागतही नाही. म्हणालो, दोन करत जा. म्हणाली, नको, एकच बरी.

तिच्या बांगड्या हल्ली फार वाजतात. भांडी घासताना कोपरापर्यंत जातात आणि खाली येतात. मापाने मोठ्या घेतल्या वाटतं.

३० मार्च, गुढीपाडवा

बराच उशीर झालाय. तरी लिहितो.

गुढी दरवर्षी मी उभारतो. यंदा राखी म्हणाली, तुम्हाला दिसायचं नाही, तुम्ही स्टूल धरा. ती वर चढली. काठी गॅलरीच्या कठड्याला बांधत होती. मी स्टूल घट्ट धरून वर बघत होतो. निळी साडी दिसत होती, पाठीमागे ऊन. मग साडी एकदम खाली आली.

ओरडली नाही. माझ्या अंगावरच पडली. मी तिला उचललं आणि तिथेच थांबलो. वीस वर्षं द्राक्षांचे क्रेट उचललेत. भरलेला किती, अर्धा किती, हे हाताला बघावं लागत नाही. राखी उचलल्यासारखं वाटलंच नाही. ही इतकी हलकी कधी झाली? घरात रोज समोर होती.

भागीबाई आल्या, रिक्षा आणली. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिन पार उतरलंय, अंगात काही शिल्लक नाही, ही बाई जेवते की नाही? मी म्हणालो, माझ्याबरोबर डाएट करते. डॉक्टर म्हणाले, कोणी सांगितलं हिला डाएट? 

घरी श्रीखंड तसंच आहे.

१ एप्रिल, मंगळवार

राखीला घरी आणलं. वेदिका आली आहे, निफाडहून सासूबाई आल्या आहेत.

सासूबाईंनी सांगितलं. जानेवारीत गडावर गेली तेव्हा राखी देवीला बोलली होती, यांचा डोळा होईपर्यंत मी एकच वेळ जेवीन. महिन्याभरात होईल असं मी रिक्षात म्हणालो होतो, त्या हिशोबाने. रात्रीचं ताट तेव्हापासून सोडलेलं. सासूबाईंना माहीत होतं, तिने शपथ घातली होती. म्हणाल्या, मला वाटलं जावईबापूंची साखर उतरंल आन सुटंल पोर. म्हणून तर लाडू करून आणले तुम्हाला, उपासाला ताकद ऱ्हावी.

वेदिकाने घरातले डबे एकेक करून ओट्यावर मांडले आणि मोबाइलवर बघून सांगत गेली. भगर. रताळी. राजगिऱ्याचे लाडू, गुळाचे. खजूर. पप्पा, धान्य नाही म्हणजे कार्ब नाही असं नसतं, म्हणाली. म्हणजे तीन महिने मी पोळीच खात होतो. म्हणालो, उपवासाला सगळं चालतं. ती म्हणाली, आईला तरी काय चाललं?

वेदिकाला भाकरीचं कोणी सांगितलेलं नाही. राखीने सांगितलं नाही. दिवसातून एकदा जेवायची, आणि त्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली. मला लाज वाटते. इतकी लाज मला बिनरसाच्या मीटरचे सतरा सांगितले तेव्हाही वाटली नव्हती.

राखीजवळ जाऊन बसलो. म्हणालो, सोड हे, देवी समजून घेईल. ती म्हणाली, दिलेला शब्द सोडता येत नाही. तुम्ही साखर उतरवा, आपोआप सुटेल. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ८

आता सगळं स्पष्ट आहे. मी खाल्लं की साखर चढते, साखर चढली की तारीख जाते, तारीख गेली की राखी उपाशी राहते. एवढं कळल्यावर कोणता माणूस खाईल?

वेदिकाने सोमवारची फिजिशियनची वेळ घेऊन ठेवली आहे. जाणार. इन्सुलिन म्हणाले तर इन्सुलिन. सोमवारपर्यंत नुसत्या पालेभाज्या, काकडी, ताक. अंडीसुद्धा, वार न बघता. वेदिका सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. मी तिला म्हणालो, काळजी करू नकोस, आता तुझ्या बापाला अक्कल आली आहे. तिने वाकून नमस्कार केला. पाठीवर हात ठेवताना मला भरून आलं.

सकाळी १०.३०

एक काकडी. ताक. उत्तम वाटतंय. राखी झोपली आहे.

सकाळी ११.१५

सासूबाई निफाडला गेल्या. जाताना सवयीने डबा फडताळात ठेवून गेल्या. वेदिकाने रिकामा करून टाकला असं वाटलं होतं. मुद्दाम बघायला गेलो. तळाशी एक लाडू राहिला होता.

अर्धाच खाल्ला. अर्धा राखीसाठी ठेवलाय.

दुपारी १२

राखी उठली. अर्धा लाडू दिला. नको म्हणाली.

अन्न वाया जाऊ नये.